अपुऱ्या दिवसांच्या बाळाची फुफ्फुसं

वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेच्या कुटुंबांना सावंगीचं विनोबा भावे रुग्णालय आणि सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय, दोन्ही जवळ. तिथल्या नवजात कक्षाबाहेर अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे आईवडील विचारतात, ‘ऑक्सिजन कधी निघेल?’ पोटातले दिवस धरून 36 आठवडे भरल्यावरही बाळाला ऑक्सिजन लागत असेल, तर त्या फुफ्फुसविकाराला डॉक्टर ‘बीपीडी’ म्हणतात. 1967 मध्ये अमेरिकेत त्याचं पहिलं वर्णन झालं.

धोका आधी ओळखता येतो का? बऱ्याच अंशी. बाळ किती आठवड्यांचं, वजन किती, मुलगा की मुलगी (मुलग्यांना धोका जास्त), श्वासाला यंत्राचा किती आधार आणि किती टक्के ऑक्सिजन, एवढ्यावर अंदाज बांधतात. साध्या हवेत 21 टक्के ऑक्सिजन असतो. पहिल्या आठवड्यानंतरही बाळाला 40 टक्के लागत असेल, तर काळजी वाढते. म्हणूनच पहिल्या दिवसापेक्षा चौदाव्या दिवशीचा अंदाज अधिक भरवशाचा.

असा अंदाज देणारं एक प्रसिद्ध गणितयंत्र अमेरिकेतल्या बाळांवरून बेतलेलं आहे. आपल्या बाळांवर पडताळल्याशिवाय त्याचा आकडा अंतिम मानू नये, असं मला ठामपणे वाटतं. आकडा आईवडिलांना घाबरवण्यासाठी नसतोच. कॅफिन, मोजकाच ऑक्सिजन, यंत्रातून लवकर सुटका, आईचं दूध आणि निवडक बाळांना स्टेरॉइड, हे ठरवायला तो लागतो.