चिलमला घर नव्हतं

मीरा नायर यांचा ‘सलाम बॉम्बे!’ हा सिनेमा आला १९८८ साली. ब्राउन शुगर या नशेच्या पुडीला तेव्हा आपल्याकडे सरसकट ‘गर्द’ म्हणत, आणि गर्दुल्ले कल्याणच्या पुढच्या स्टेशनांवरही दिसू लागले होते. चांदीच्या कागदावर चिमूटभर पूड, खाली पेटती काडी, तोंडात नळी. काडेपेटी अंबरनाथच्याच विमकोची असायची!

सिनेमातला चिलम ग्रँट रोडचा. बाबा नावाच्या गर्दवाल्याचा माल विकता विकता तो स्वतःच गिऱ्हाईक झालेला. बाबाने हाकलल्यावर तो कृष्णा या रस्त्यावरच्या पोराने गावी परतण्यासाठी पै-पै करून साठवलेले पैसे उडवतो. रघुवीर यादवने त्याची तडफड अशी केली आहे की आजही बघवत नाही. पण खरा घाव पुढे बसतो. चिलम मेल्यावर नाना पाटेकरचा बाबा नवा पोरगा धरतो आणि त्यालाही ‘चिलम’ म्हणतो. मेलेल्याची जागा भरली, धंदा चालू.

त्याआधीचा हिंदी पडद्यावरचा नशेबाज आठवा. ‘हरे रामा हरे कृष्णा’ची (१९७१) झीनत अमान, पैसेवाल्या पण मोडलेल्या घरातली, हिप्पींत रमलेली. नाहीतर हसवायला ठेवलेला दारुडा. त्या मानाने नायर यांनी खरी रस्त्यावरची पोरं घेतली, त्यांच्याकडून कार्यशाळेत तयारी करून घेतली. पटकथा सूनी तारापोरवाला यांची, कॅमेरा सँडी सिसेल यांचा. तिघी बायकांनी असा सिनेमा उभा करणं त्या काळात नवलाचंच होतं. कानच्या महोत्सवात त्याला ‘कॅमेरा द’ओर’ मिळालं.

तरीही कल्याणपलीकडच्या आमच्या पट्ट्यातून पाहताना एक गोष्ट खटकते. चिलमला घर नाही, आईबाप नाहीत. त्यामुळे गर्द ही फुटपाथची भानगड आहे, असा समज करून घेणं घरदारवाल्या प्रेक्षकाला सोपं गेलं. खरं तर मराठी रंगभूमीने नशेचं हे नाट्य कधीच घरात आणलं होतं. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’तला (१९१९) सुधाकर शिकलेला वकील, आणि दारूपायी उद्ध्वस्त होतो तो त्याचा संसार. पुण्यात डॉ. अनिता अवचट यांनी पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं १९८६ साली, म्हणजे सिनेमाच्या दोन वर्षं आधी. अनिल अवचटांच्या गर्दवरच्या लेखांनी पु. लं.ना अस्वस्थ केलं होतं, आणि त्यांतली पोरं चांगल्या घरातलीही होती.

बाहेरच्यांनी एका समजात सगळं बसवून टाकणं काय असतं, हे उल्हासनगरकरांना चटकन कळावं. फाळणीनंतर लष्करी छावणीत येऊन वसलेलं हे गाव बाहेरच्यांच्या लेखी ‘मेड इन यूएसए’च्या एका विनोदात संपतं, यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन. कॅम्पातल्या सिंधी दुकानदाराचा मुलगा, अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतल्या कामगाराचा धाकटा, बदलापूरहून पहाटेची लोकल धरणाऱ्या क्लार्कचा भाऊ, यांतला कुणी गर्दच्या नादी लागला तर त्याच्या घरी काय चालतं, यावर कुणी सिनेमा केल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही.

आणि पडद्यावर जे आले त्यांचं काय? रस्त्यावरच्या मुलांसाठी सलाम बालक ट्रस्ट निघाला, ते काम आजही चालू आहे. कृष्णा झालेल्या शफीक सय्यदला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. रघुवीर यादव राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकलेला, त्याला पुढे कामं मिळत राहिली. शफीकला ती फारशी मिळाली नाहीत. तो बंगळुरूला परतला आणि रिक्षा चालवू लागला.