हा खाना रिकामा सोडता येणार नाही!

शुक्रवार संध्याकाळ. ट्रॅव्हल क्लेम भरला की थेट पिक्चर, असा प्लॅन. तुम्ही 'सबमिट' दाबता आणि स्क्रीनवर लाल पट्टी झळकते : 'बिझनेस रूल एरर'. नेट चालू, पासवर्ड बरोबर, रक्कमही बरोबर... मग अडलं कुठे?

अडलं नियमात. बिझनेस रूल म्हणजे सॉफ्टवेअरच्या पोटातला 'जर-तर'. क्लेम अमुक रकमेच्या वर असेल, तर मॅनेजरची मंजुरी हवी. पण मॅनेजरनेच गेल्या आठवड्यात नोकरी सोडली असेल तर? ते कुणी लिहिलेलंच नसतं, म्हणून सिस्टीम तिथेच हटून बसते. आयटीवाले आधी विचारतात, माहिती चुकलीय की नियम? खरा प्रश्न मात्र तिसराच असतो : कागदावरचा नियम आणि कोडमधला नियम एकच आहे ना?

ऑफिसात आपण जुगाड करतो. कम्पल्सरी खान्यात एक डॅश टाकायचा, नाहीतर आयटीतल्या मित्राला चहा पाजायचा. पण असाच अडेल खाना बीड जिल्ह्यातल्या एखाद्या बाईच्या मोबाइलवर उघडला तर?

तो उघडला, 2025 मध्ये. 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजना 2024 ची. 21 ते 65 वयाच्या पात्र महिलांना महिन्याला 1,500 रुपये. सप्टेंबर 2025 मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली. आधी स्वतःचा आधार नंबर, मग ओटीपी. इथवर ठीक. पुढची पायरी, पतीचा किंवा वडिलांचा आधार नंबर आणि त्यांच्या मोबाइलवर आलेला ओटीपी.

नवरा गेलेला, वडीलही गेलेले, तिने काय टाकायचं? इथे डॅश चालत नाही. आणि गंमत म्हणजे (गंमत कसली म्हणा!) योजनेच्या शासन निर्णयात विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता असा स्पष्ट उल्लेख होता. कागदाने जिला घरात घेतलं, तिला स्क्रीनने उंबऱ्यावर थांबवलं. टेस्टिंगच्या वेळी 'पती नाही, वडील नाहीत' असा एकच डमी अर्ज कुणी भरून पाहिला असता, तर चूक दहा मिनिटांत सापडली असती.

बीडमध्ये तर 'जोडी'चा हा नियम कॉम्प्युटरपेक्षा जुना. हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा. तोडणीला नवरा-बायको मिळून जातात आणि मुकादमाच्या वहीत त्या दोघांचा मिळून होतो 'एक कोयता'. उचल मिळते ती कोयत्याला, एकट्या बाईला नाही. त्यात ई-केवायसीची पहिली मुदत होती 18 नोव्हेंबर. दिवाळीनंतर पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे गाड्या निघतात, नेमके तेच दिवस! शिवाय सप्टेंबरच्या अतिवृष्टीने मराठवाडा आधीच झोडपलेला.

मुदत संपायच्या तोंडावर दुरुस्ती झाली. तारीख 31 डिसेंबर 2025 पर्यंत पुढे गेली. पती-वडील नसलेल्यांनी फक्त स्वतःची ई-केवायसी करायची आणि मृत्यूचा दाखला, घटस्फोटाचं प्रमाणपत्र किंवा कोर्टाच्या आदेशाची प्रत अंगणवाडी सेविकेकडे द्यायची. आयटीच्या भाषेत 'मॅन्युअल ओव्हरराइड'! म्हणजे कोडमध्ये राहिलेली फट बुजवायला शेवटी माणूसच लागला, तोही मुलांची वजनं आणि पोषण आहार सांभाळून. त्या अंगणवाडीताईंना हेल्पडेस्कचा पगार कुणी दिला नसावा, एवढं मी पैजेवर सांगते.

विधवेला दाखला मिळतो, घटस्फोटितेकडे हुकूमनामा असतो. नवऱ्याने टाकलेल्या बाईचं काय? वडील नाहीत. नवरा हयात आहे, म्हणून मृत्यूचा दाखला नाही. कोर्टाची पायरी कधी चढली नाही, म्हणून आदेशही नाही. त्याचा आधार नंबर त्याच्याकडे, आणि ओटीपी येणार तोही त्याच्याच फोनवर.