राणीच्या दातांत सापडलं बालपण

जर्मनीत मॅग्डेबर्ग नावाचं शहर आहे. तिथल्या कॅथेड्रलमधलं एक दगडी थडगं २००८ साली संशोधकांनी उघडलं. ते रिकामंच असणार असं सगळे धरून चालले होते. पण आत निघाली शिशाची पेटी! पेटीत रेशमी कापडात गुंडाळलेली हाडं होती, आणि ही हाडं एडिथ राणीची आहेत असं पेटीवर कोरलं होतं.

कोण ही एडिथ? इंग्लंडचा राजा अथेलस्टन याची सावत्र बहीण. जर्मन राजपुत्र ऑटोसाठी बायको हवी होती, तेव्हा अथेलस्टनने आपल्या दोन बहिणी समुद्रापार धाडल्या. हवी ती निवड म्हणे! त्या मुलींना कुणी काही विचारलं असेल का? मला तर रागच येतो. ऑटोने एडिथला निवडलं, ९३०च्या सुमाराला लग्न झालं आणि मॅग्डेबर्ग तिला लग्नाची भेट म्हणून मिळालं. ९४६मध्ये, पस्तिशीच्या आसपास ती वारली.

आता खरी गंमत. पेटी होती १५१०ची, आणि त्याआधी तिच्या अस्थी अनेकदा हलवलेल्या. मग ही एडिथच कशावरून?

ते सांगितलं दातांनी! खडकांत स्ट्रॉन्शियम नावाचा धातू अगदी थोडा असतो. तो मातीत आणि पाण्यात उतरतो, तिथून धान्यात आणि आपल्या पोटात येतो. जसा खडक, तसं त्याच्या निरनिराळ्या प्रकारांचं प्रमाण. लहानपणी कायमचे दात जबड्यात घडत असतात, तेव्हा हे स्ट्रॉन्शियम दाताच्या कडक कवचात, म्हणजे एनॅमलमध्ये, बसतं. हाडं आयुष्यभर झिजून नवी होत राहतात. एनॅमल मात्र एकदा तयार झालं की बदलत नाही.

ब्रिस्टल विद्यापीठात हे दात तपासले आणि प्रमाण जुळलं दक्षिण इंग्लंडमधल्या खडूच्या टेकड्यांशी!

एवढंच नाही. नवव्या वर्षापर्यंत हे प्रमाण सारखं बदलत होतं, नंतर ते स्थिर झालं. का बरं? तिचे वडील राजे होते. त्यांचा दरबार गावोगाव फिरे, आणि त्याबरोबर छोटी एडिथही. ती नऊ-दहा वर्षांची असताना वडिलांनी आईला सोडलं. मायलेकी मग बहुधा एका मठात राहायला गेल्या, आणि एडिथचं फिरणं थांबलं.