प्रवासी ट्रेलरसाठी भारविभाजक जोडणीची निवड

मोटारीमागे निवासी ट्रेलर जोडला म्हणजे मोटारीची मागची बाजू दबते व पुढची बाजू उचलली जाते. हा दोष डोळ्यांना दिसतो, आणि म्हणूनच त्यावरील उपायही पुष्कळदा डोळ्यांच्याच अंदाजाने केला जातो. मोटार पुन्हा सपाट दिसू लागली की काम झाले, असे समजतात. उत्तर अमेरिकेत असे ट्रेलर ओढून नेण्याची प्रथा फार मोठ्या प्रमाणावर आहे. तेथे या दोषावर योजावयाच्या साधनास वेट डिस्ट्रिब्यूशन हिच असे नाव आहे. येथे त्यास आपण भारविभाजक जोडणी म्हणू. तिची निवड करताना सपाटपणाची कसोटी अपुरी, किंबहुना प्रसंगी घातक का ठरते, हे स्थितिशास्त्राच्या प्राथमिक नियमांनीच बहुतांशी दाखविता येते.

ट्रेलरचा जो भार जोडणीच्या गोळ्यावर पडतो त्यास दांडीभार म्हणू. उत्तर अमेरिकेतील रूढ संकेताप्रमाणे तो भरलेल्या ट्रेलरच्या एकूण भाराच्या १० ते १५ टक्के असावा लागतो. मोटार दबते ती या भारामुळे. मग तो भारच कमी का करू नये, अशी शंका साहजिक आहे. बैलगाडी भरणाऱ्या माणसास या शंकेचे उत्तर ठाऊक असते. माल मागे अधिक झाला तर गाडी उलाळ होते, पुढे अधिक झाला तर जू बैलांच्या मानेवर बसते. ट्रेलर उलाळ भरण्याचे फळ मात्र याहून भयंकर असते. गुरुत्वमध्य आसाच्या फार जवळ अथवा मागे सरकला असता विशिष्ट वेगाच्या पुढे ट्रेलर डावीउजवीकडे झोके घेऊ लागतो, आणि ते झोके शमण्याऐवजी वाढत जातात. तात्पर्य, दांडीभार टाळता येत नाही. तो वाहावयाचा कसा एवढाच प्रश्न उरतो. युरोपात ट्रेलर हलके असतात, दांडीभाराचे प्रमाणही बरेच कमी ठेवतात, त्यामुळे तेथे हे साधन क्वचितच दिसते.

आता एक उदाहरण घेऊ. मोटारीच्या पुढील व मागील आसांतील अंतर ३ मीटर, मागील आसापासून गोळ्यापर्यंतचे अंतर १.५ मीटर, आणि गोळ्यापासून ट्रेलरच्या आसापर्यंतचे अंतर ५ मीटर आहे असे माना. ट्रेलरचा भार २५०० किलोग्रॅम व दांडीभार त्याच्या १२ टक्के, म्हणजे ३०० किलोग्रॅम आहे. मागील आस हा येथे तरफेचा टेकू होतो. त्याच्याभोवती परिबले घेतली असता पुढील आसावरील भार १५० किलोग्रॅमने घटतो आणि मागील आसावरील भार ४५० किलोग्रॅमने वाढतो असे दिसते. मागील आसावर पडणारा जादा भार प्रत्यक्ष दांडीभाराहून दीडपट आहे, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. ज्या चाकांनी दिशा राखावयाची ती हलकी होतात आणि मागील टायरांवर ताण पडतो.

भारविभाजक जोडणीत गोळ्याच्या बैठकीत दोन पोलादी स्प्रिंगदांडे बसवून त्यांची मागील टोके ट्रेलरच्या त्रिकोणी सांगाड्याकडे साखळ्यांनी वर ताणलेली असतात. एकचाकी हातगाडीचे दांडे उचलावेत तसा याचा परिणाम होतो. गोळ्याच्या ठिकाणी एक परिबल निर्माण होऊन मोटारीचे नाक खाली दाबले जाते आणि त्याची प्रतिक्रिया म्हणून ट्रेलरच्या आसावर काही भार जातो. पुष्कळ लोक समजतात त्याप्रमाणे या साधनाने एकूण भार तिळमात्रही कमी होत नाही. ते ३०० किलोग्रॅम तीन आसांत निराळ्या प्रमाणात वाटले जातात, इतकेच.

पुढील आसाचा गेलेला भार पूर्णपणे परत आणावयाचा झाल्यास आपल्या उदाहरणात सुमारे ३४६ किलोग्रॅम-मीटर परिबल लागते. मग मागील आसावर २३१ व ट्रेलरच्या आसावर ६९ किलोग्रॅम जादा भार येतो. निम्माच भार परत आणावयाचा तर १७३ किलोग्रॅम-मीटर पुरते. पुढील आसाची तूट ७५ किलोग्रॅम राहते, मागील आसावर सुमारे ३४० आणि ट्रेलरच्या आसावर सुमारे ३५ किलोग्रॅम वाढतात. साखळी गोळ्यापासून ०.७५ मीटरवर असेल तर पूर्ण पुनःस्थापनेस प्रत्येक दांड्याच्या टोकाशी सुमारे २३० किलोग्रॅमचा ताण द्यावा लागेल. त्रिकोणी सांगाडा आणि मोटारीची चौकट हे दोन्ही तो सोसण्यास समर्थ हवेत.

या दोहोंपैकी कोणती स्थिती बरी? केवळ आकडे पाहणारा पूर्ण पुनःस्थापनेस कौल देईल, आणि एके काळी व्यवहारही तसाच होता. परंतु हा प्रश्न केवळ स्थितिशास्त्राचा नाही. आर. टी. बंडॉर्फ यांनी १९६७ साली मोटार व ट्रेलर यांच्या जोडीच्या दिशानियंत्रणावर निबंध प्रसिद्ध केला, तेव्हापासून त्याच्या गतिशास्त्रीय अंगाचीही चर्चा होत आली आहे. वळणावर ट्रेलरचा जो आडवा रेटा गोळ्यावर येतो तो मुख्यत्वे मागील टायरांनी पेलावयाचा असतो. भारविभाजनाने नेमका त्यांच्यावरचाच उभा भार काढून घेतला जातो आणि पुढील टायरांची पकड वाढते. परिणामी वळणावर मोटारीची अंडरस्टिअरची वृत्ती, जी सामान्य चालकाच्या दृष्टीने सुरक्षित असते, ती कमी होते. अतिरेक झाल्यास मागील चाके घसरून मोटार व ट्रेलर कात्रीसारखे मिटण्याचा धोका उद्भवतो. म्हणूनच अलीकडे काही मोटार-उत्पादक आपल्या पुस्तिकांत पुढील आसाच्या गेलेल्या भारापैकी सुमारे निम्माच परत आणावा असे सांगतात. मोटार किंचित मागे झुकलेली दिसली तरी ते चालवून घ्यावे, असेच प्रस्तुत लेखकाचेही मत आहे. काही मोटारींच्या बाबतीत तर उत्पादकाने या साधनाचा वापरच निषिद्ध ठरविलेला असतो. तेथे वाद घालण्यात अर्थ नाही.

दांड्यांचे सामर्थ्य अमेरिकेत बहुधा दांडीभाराच्या पौंडांत सांगतात. ६००, ८००, १००० व १२०० हे नेहमीचे आकडे होत. वरील उदाहरणात ३०० किलोग्रॅम म्हणजे सुमारे ६६० पौंड. त्यात मोटारीच्या मागील आसापलीकडे ठेवलेले सामान मिळवावे लागते, कारण तरफेच्या दृष्टीने तेही त्याच बाजूचे. ते ५० किलोग्रॅम धरल्यास बेरीज सुमारे ७७० पौंड होते, म्हणून ८०० पौंडांचे दांडे योग्य. दांडीभार मोजावयाचा तो दुकानातील रिकाम्या ट्रेलरचा नव्हे. गॅसची नळकांडी, बॅटरी व पाण्याची टाकी यांसह प्रवासास सज्ज झालेल्या ट्रेलरचा. "थोडे जास्त असलेले बरे" या न्यायाने १२०० पौंडांचे दांडे घेणे मात्र चुकीचे आहे. ताठ दांडा थोड्याच वाकण्यात मोठे बल देतो. त्यामुळे रस्त्याच्या खोलगट भागात परिबल एकाएकी वाढते, उंचवट्यावर ते तितकेच झपाट्याने नाहीसे होते, आणि हे हेलकावे सांगाड्याला सोसावे लागतात. मोटारीच्या मागील जोडणी-चौकटीवर दोन मर्यादा छापलेल्या असतात, एक साध्या भारासाठी व दुसरी भारविभाजनासाठी. दुसरी मर्यादा दिलेलीच नसेल तर तेथे हे दांडे लावू नयेत.

झोक्यांविषयी स्वतंत्रपणे सांगितले पाहिजे, कारण जाहिरातींत दोन्ही गुण एकाच दमात सांगतात. साखळ्यांवर टांगलेले दांडे झोके रोखत नाहीत. दांडे कंसावर टेकवून घर्षण निर्माण करणाऱ्या रचना झोके काही अंशी शमवितात. हेन्स्ली अ‍ॅरोसारख्या दुवेयंत्रणेच्या रचना आणखी पुढे जाऊन ट्रेलरचा आभासी वळणबिंदू मोटारीच्या मागील आसाकडे सरकवितात. त्या महाग व जड असतात. ट्रेलर चुकीचा भरलेला असेल तर त्याची भरपाई यांपैकी कोणत्याही रचनेकडून अपेक्षू नये.

निवडीनंतर जुळणी तपासण्यासाठी वजनकाट्यावर पुढील आस तीन वेळा तोलावा: एकट्या मोटारीचा, ट्रेलर जोडून दांडे सैल असताना, आणि दांडे ताणल्यावर. दुसऱ्या तोलात जेवढी घट दिसेल तिच्या किती अंशाने तिसरा तोल वाढला, हे पुनःस्थापनेचे प्रमाण होय. वजनकाटा जवळ नसेल तर पुढील चाकावरील कमानीची जमिनीपासूनची उंची घ्यावी. ती अनुक्रमे ९०० व ९३० मिलिमीटर भरली, तर दांडे ताणल्यावर ९१५ च्या आसपास यावी. ती ९०० च्याही खाली गेल्यास साखळीची एखादी कडी सैल करावी अथवा गोळ्याच्या बैठकीचा कल कमी करावा, आणि पुन्हा मोजावे.