काम झाल्यावरचा विसर

बेलवलीतून बदलापूर स्टेशन गाठून मुंबईची लोकल पकडायची, तर सकाळी सगळं घर त्या एका वेळेभोवती धावतं. डबा भरला, चपला घातल्या, की मनाच्या लेखी घरातलं काम संपलं. गॅसचा रेग्युलेटर, पाण्याची मोटर, चार्जिंगला लावलेला फोन राहून जातो तो नेमका तेव्हा. मग वेंधळेपणाचा शिक्का बसतो, तोही बहुधा घरात सर्वांत जास्त कामं उरकणाऱ्या व्यक्तीवर. हा अन्याय आहे.

मायकेल बर्न आणि सुसान बोव्हेअर या संशोधकांनी १९९७ मध्ये या चुकीची उकल मांडली. मुख्य हेतू साधला की त्याच्या आधाराने तात्पुरत्या स्मृतीत टिकलेल्या उरल्यासुरल्या पायऱ्याही निसटतात. डोक्यावर कामांचा भार असेल तर अधिकच. नोटा हातात पडल्यावर एटीएममध्ये कार्ड विसरतं ते यामुळेच. म्हणून अनेक यंत्रं आधी कार्ड परत करतात, मग पैसे देतात. माणसाला दटावण्यापेक्षा क्रम बदलणं कितीतरी शहाणपणाचं!

शस्त्रक्रियागृहातही हाच धोका असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९ मुद्द्यांच्या तपासणी यादीत तीन थांबे आहेत: भूल देण्याआधी, चिरा देण्याआधी आणि रुग्णाला बाहेर नेण्याआधी. मला तिसरा सर्वांत मोलाचा वाटतो. शस्त्रक्रिया झालेली असते, सगळे सैलावलेले असतात आणि तेव्हाच कापसाचे बोळे, सुया, अवजारं मोजून झाल्याचं परिचारिका मोठ्याने सांगते. दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत ही यादी वापरल्यावर मृत्यूंचं प्रमाण १.५ वरून ०.८ टक्क्यांवर आल्याचं २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात मात्र १०१ रुग्णालयांच्या पाहणीत अशी लक्षणीय घट दिसली नाही. नुसत्या खुणा करून यादी उपयोगी पडत नाही, असं मला यावरून वाटतं; ती थांबून, मोठ्याने वाचावी लागते.

घरासाठीही अशी यादी करावी, पण ती फोनमध्ये नको. दाराच्या आतल्या बाजूला, कडीच्या उंचीवर चिकटवावी, कारण पाऊल बाहेर पडण्याआधी हात तिथेच जातो. डबा, पर्स लिहू नये, ती आठवतातच. रेग्युलेटर, मोटर, फोन, पास एवढंच पुरे. जूनमध्ये पाचवी ओळ वाढवावी: खिडक्या. दिवाळीनंतर ती खोडावी.