यंत्राचा ठेका आणि डेट्रॉईटचा जेम्स यॅन्सी

हिप-हॉप म्हटले की आमच्या पिढीच्या कपाळाला आठी पडते. गेल्या सुट्टीत आमचा एक माजी विद्यार्थी घरी आला. आजीच्या जात्यावरच्या ओव्या त्याने ध्वनिमुद्रित केल्या होत्या आणि त्यांना संगणकावर ठेका द्यायचा होता. आजीची लय जागोजागी रेंगाळते, बोलण्यात कानडी शब्द मिसळतात. "सर, एकदा ऐका," म्हणाला. आम्ही ऐकले आणि शिक्षकी सवयीने सांगितले, "आधी हे सरळ करून घे." तो वाद घालत बसला नाही. त्याने जे डिलाचे संगीत लावले.

येथे एका शब्दाचा खुलासा केला पाहिजे. हिप-हॉपमधला प्रोड्यूसर म्हणजे सिनेमात पैसे घालणारा निर्माता नव्हे. शब्द म्हणतो तो रॅपर. त्याच्या मागचे संगीत रचतो तो प्रोड्यूसर. जुन्या तबकड्यांतले लहान लहान तुकडे सॅम्पलर नावाच्या यंत्रात घ्यायचे, कापायचे, उलटसुलट जोडायचे आणि यंत्रावरचे सोळा रबरी चौकोन बोटांनी दाबून त्यांतून नवी रचना उभी करायची, असे हे काम.

जे डिला म्हणजे जेम्स यॅन्सी. जन्म ७ फेब्रुवारी १९७४, अमेरिकेतील डेट्रॉईट या मोटारींच्या कारखान्यांच्या शहरात. आज असता तर आमच्याच पिढीतला. वडील जॅझमधले बास वाजवणारे, आई ऑपेराचे गाणे शिकलेली. घरात तबकड्या भरपूर. शाळेतल्या दोन मित्रांबरोबर त्याने 'स्लम व्हिलेज' हा गट काढला. त्याच शहरातला वादक अँप फिडलर याने त्याला यंत्र हाताळायला दिले आणि १९९४ साली न्यूयॉर्कच्या क्यू-टिप या नामवंत रॅपरशी गाठ घालून दिली. पुढे कामे चालत आली. १९९५ मध्ये फारसाइड, १९९६ मध्ये ए ट्राइब कॉल्ड क्वेस्ट, २००० मध्ये कॉमन. तरी त्याने डेट्रॉईट बराच काळ सोडले नाही.

आम्हाला महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. या यंत्रांत क्वांटाइझ नावाची सोय असते. बोट जरा पुढेमागे पडले तर यंत्र तो ठोका उचलून नेमक्या मात्रेवर नेऊन बसवते. शुद्धलेखनाच्या वहीत आम्ही लाल शाईने जे करतो तेच! यॅन्सी ही सोय अनेकदा बंद ठेवी. पण तेवढ्यावर तो थांबला नाही. टाळीसारखा ठोका केसभर लवकर, मोठा ढोल रेंगाळल्यासारखा, झांजा मात्र सरळ, असे आवाज तो जाणूनबुजून एकमेकांपासून सरकवी. आमच्या भजनी मंडळातला जाणता मृदंगवाला सम येण्याआधी क्षणभर अडवून धरतो, त्याची आठवण झाली. ढोलवादक क्वेस्टलव्हला तो ढोल प्रथम एखाद्या झिंगलेल्या बाळाने वाजवल्यासारखा वाटला होता. नंतर त्यानेच तो डौल खऱ्या ढोलांवर घोटला. डिअँजेलोच्या २००० सालच्या 'वूडू' या संग्रहात तो ऐकू येतो. यंत्रापासून माणसांनी रेंगाळायला शिकावे, हे नवलच म्हणायचे.

शेवट लवकर आला. रक्ताचा दुर्मीळ विकार आणि ल्युपस. लॉस एंजेलिसच्या इस्पितळात आई उशाशी असे, सुजलेली बोटे चोळून देई, की तो पुन्हा कामाला लागे. ३१ छोट्या रचनांचा 'डोनट्स' हा संग्रह त्याच्या बत्तिसाव्या वाढदिवशी, ७ फेब्रुवारी २००६ रोजी, बाहेर पडला. तीन दिवसांनी तो गेला. त्याचे यंत्र आईने वॉशिंग्टनच्या आफ्रिकन अमेरिकन इतिहास व संस्कृतीच्या राष्ट्रीय संग्रहालयाला दिले.

एवढे सगळे समजून घ्यायला आम्हाला दोन आठवडे लागले. मग विद्यार्थ्याला निरोप धाडला : आजीचे शब्द आणि लय आहे तशी ठेव, ठेकाच तिच्यामागून चालव. त्याचे उत्तर आले, "सर, मी बदललेच नव्हते."