कडेवरचं भावंड

कार्तिकात नाशिक जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर नागलीची खळी लागतात. मोठी माणसं मळणीत गुंतलेली, आणि खळ्याच्या कडेला सहा-सात वर्षांची पोर तान्हं भावंड कडेवर घेऊन उभी. बाळाचा सगळा भार कमरेवर, एक हात मोकळा. त्याच हाताने ती कोंबड्या हाकलते, चुलीत लाकूड सारते. तिच्या वयाचा मुलगा गुरांमागे डोंगरात. कष्ट त्यालाही आहेतच. पण ओहोळात खेकडे धरायचे, गलोल मारायची आणि मिळेल ते तिथेच भाजून खायचं, एवढी मोकळीक त्या कष्टात असते. मुलीने मात्र हाकेच्या अंतरावरच असायचं.

मानववंशशास्त्रज्ञ मार्गारेट मीड १९२५ साली सामोआ बेटांवर गेली, तेव्हा तिलाही हेच दिसलं होतं. तिथेही सहा-सात वर्षांच्या मुली धाकट्यांना सांभाळत होत्या. तिचं पुस्तक १९२८ साली आलं आणि गाजलं ते किशोरवयीन मुलींच्या मोकळ्या वागण्यामुळे. डेरेक फ्रीमन या दुसऱ्या मानववंशशास्त्रज्ञाने १९८३ साली तिला खोडून काढलं तेही प्रामुख्याने त्याच मुद्द्यावर. या वादात बाळं सांभाळणाऱ्या पोरी मागेच राहिल्या.

मुलींवर हा भार असला, तरी आपल्याकडच्या कोकणा-वारली समाजात बाई कमी लेखली जाते, असं सरसकट म्हणता येत नाही. लग्नात देज, म्हणजे वधूमूल्य, मुलाकडचे देतात. घरातून राबणारे दोन हात जातात, याची ती उघड कबुली असते. वारल्यांचं लग्न लावते धवलेरी, म्हणजे बाईच. पण बोहाड्यात, म्हणजे मुखवटे घालून सोंगं नाचवण्याच्या उत्सवात, देवीचा मुखवटासुद्धा पुरुषच चढवतो. मान आणि मुभा एकाच ठिकाणी सापडत नाहीत, एवढंच मला यातून दिसतं.

मुलगा गुरांमागे आणि मुलगी बाळापाशी अडकते, हा पेच शाळेच्या अंगाने नीट ओळखला तो बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी. १९४५ साली बोर्डीत सुरू झालेलं त्यांचं काम पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेलं. गुरं सोडून मुलगा वर्गात येईना, तर शिक्षकच कुरणात गेले. ती कुरणशाळा. मुलीची अडचण कडेवरच होती, म्हणून विकासवाडी या त्यांच्या प्रकल्पात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. बाळ पाळण्यात, ताई वर्गात. पटसंख्या वाढवायला सक्ती, दंड असले उपाय सुचणाऱ्यांनी हे एकदा समजून घ्यावं.

नाशिकमध्ये आदिवासी विकास आयुक्तालय आहे, डोंगरपट्ट्यात आश्रमशाळा आहेत. हरसूलजवळच्या सावरपाड्याची धावपटू कविता राऊत २०१० च्या आशियाई स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये रौप्यपदक घेऊन आली. बदल नाही असं कोण म्हणेल? पण दिवाळी सरली की याच पाड्यांवरून कुटुंबंच्या कुटुंबं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर जगायला जातात. टोळीत नवरा-बायको दोघंही लागतात. १९७५ पासूनच्या एकात्मिक बालविकास योजनेत अंगणवाडीचे वर्ग तीन वर्षांपुढच्यांसाठी; त्याखालच्या बाळाला आहार मिळतो, दिवसभर सांभाळणारं माणूस मिळत नाही. मग बागेच्या कडेला बाळापाशी कोणी थांबायचं, हे घरात विचारावंही लागत नाही.